कानवालीचा बिनआवाजी पंखा

तुमचा पंखा आवाज करत नाही, असं तुम्हाला सांगितलं कोणी? दुकानदारानं? त्याचं सोडा, तो खोक्यावर छापलेलं वाचून दाखवतो. तुमच्या स्वतःच्या कानांनी? मग जरा दमानं घ्या. जिची ही गोष्ट आहे त्या बाईच्या कानांवर अख्ख्या कारखान्याचा भरवसा होता. त्याच कानांनी तिला असं तोंडघशी पाडलं की पोटची लेक तान्ह्या पोरीला घेऊन घराबाहेर पडायच्या बेतात होती.

तिला सगळे कानवाली म्हणायचे. खरं नाव काय, हे तिच्या नवऱ्यालाही क्षणभर आठवावं लागायचं. यंत्रमागाच्या शेडमध्ये ती कापड विणायची. पत्र्याचं छप्पर, खाली मागांच्या रांगा, आणि सगळे माग एकाच वेळी खडाखडा हाणतायत. नव्या माणसानं दारात पाय टाकला की तो आपोआप मागे सरकतो, कुणीतरी छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखा. त्या कल्लोळात कानवाली स्वतःच्या मागांमध्ये उभी असायची आणि एकदम मान वळवून पलीकडच्या रांगेकडे बोट करायची. "त्याचा धोटा गेलाय." धोटा म्हणजे आडवा दोरा घेऊन कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत पळणारा लाकडी ठोकळा. मेकॅनिक माग थांबवून बघायचा, तर धोट्याला खरंच बारीक चीर. पहिल्यांदा मेकॅनिकला राग यायचा. मग हसू यायला लागलं. पुढे पुढे तर त्या पठ्ठ्यानं बिघाड शोधायची तसदीच सोडली. "कानवाली, ये गं जरा, कुठं दुखतंय बघ ह्याला." मालकही पाहुण्यांना तिच्याकडे बोट करून दाखवायचा. दाखवण्यापलीकडे काही केलं नाही त्यानं, ते वेगळं. मालक लोकांचं कौतुक असंच असतं, बिनखर्ची.

तर अशी ही कानवाली. घर दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. उन्हाळ्यात ती गच्ची दिवसभर ऊन पिते आणि अंधार पडला की सगळं घरात ओकते. भिंतीला हात लावला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला लावल्यासारखं वाटायचं. माणसं दोनच, ती आणि तिचा नवरा. नवरा ट्रक चालवून निवृत्त झालेला, सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. दोघांना झोपेची अडचण कधी आलीच नाही. जन्मभराचा थकवा अंगात असला की माणूस भट्टीतही झोपतो.

पण त्या उन्हाळ्यात लेक आली. जावई जहाजावर कामाला, उन्हाळा सरल्यावर परतणार. तोवर लेकीनं सासरी राहायचं की आईकडे, हे लेकीनंच ठरवलं. "मी आईकडे जाते." एवढं वाक्य फोनवर ऐकलं आणि कानवालीनं त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांना चहा पाजला. कारण साधं होतं. स्वतःची लेक तान्ही होती तेव्हा ही बाई मागांपुढे उभी होती. पोरगी पहिलं पाऊल शेजारणीच्या दारात टाकून मोकळी झाली, हिला ते संध्याकाळी ऐकायला मिळालं. आता नात आली होती. चार महिन्यांची, मुठीएवढ्या तोंडाची, ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी तिचं नाव टिल्ली ठेवून टाकलं. एक अख्खा उन्हाळा टिल्ली घरात राहणार होती. कानवालीला एवढंच हवं होतं. त्यापुढे तिला काही मागायचं नव्हतं.

आणि टिल्ली झोपेना.

छताला जुना पंखा होता. तो फिरायचा कमी आणि भांडायचा जास्त. खट् करून थांबायचा, पुन्हा खट्. सुरू ठेवला तर टिल्ली आवाजानं दचकून उठायची. बंद केला तर घामानं. मानेवर, पाठीवर घामोळं उठलं, लाल लाल. लेक रात्रभर पुठ्ठ्यानं वारा घालायची. दिवसा भाजी चिरता चिरता तिला डुलकी लागायची, आणि सुरी हातातच. तशात विहीणबाईंचे फोन. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे गार हवेची खोली होती, रिकामी होती, आणि त्या ते वारंवार सांगत होत्या.

शेवटी एका सकाळी लेक म्हणाली, "आई, रागावू नकोस. रविवारपर्यंत बघू. नाहीच जमलं तर मी तिकडे जाते. मला हौस नाही गं. पण ही झोपत नाही, म्हणून मी झोपत नाही. परवा तर मी हिला घेऊन उभ्या उभ्या झोपले होते, बाबांनी पाहिलं म्हणून बरं."

कानवालीनं वर पंख्याकडे असं बघितलं की तो माणूस असता तर राजीनामा देऊन गेला असता.

आधी ड्रायव्हरनं हात मारून बघितला. तेल घातलं, स्क्रू आवळले. मग त्याच्या डोक्यात आलं की गाडीचं चाक डगमगायला लागलं की वजन लावून तोल साधतात, तसंच पात्याचं करावं. त्यानं एका पात्याला टेपनं जाड नाणं चिकटवलं, खाली उतरला आणि ऐटीत बटण दाबलं. पंख्यानं थोडा वेग घेतला आणि नाणं सुटून भांड्यांच्या फळीवर असं आदळलं की टिल्लीबरोबर समोरच्या घरातलं पोरगंही जागं झालं.

"काय झालं? काय फुटलं?" समोरून हाक आली.

"काही नाही, आमचे इंजिनिअर काम करतायत," कानवाली ओरडली. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, पाया पडते तुमच्या. नवीन आणू. आणि निवडायचा मी."

पंख्यांचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. दुकानदार गोड बोलणारा. छताला ओळीनं पंखे लटकलेले, सगळे एकदम फिरतायत, बाहेर गाड्या भोंगे मारतायत.

"ताई, हा बघा. एकदम सायलेंट. चालू आहे की बंद, तुम्हाला कळायचंच नाही."

"इथं उभं राहून विमान चालू आहे की बंद तेही कळायचं नाही," कानवाली म्हणाली. "शटर खाली घ्या."

"काय?"

"शटर. आणि हे बाकीचे सगळे बंद करा. तो टीव्ही पण. मग एकेक लावा."

"ताई, धंद्याची वेळ आहे—"

"मग पंखा विकायचाय की शटर?"

दुकानदारानं ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरनं आभाळाकडे बघितलं. तिथं आभाळ नव्हतं, पंखेच होते, पण संसारात मुरलेल्या माणसाला कुठंही आभाळ सापडतं. शटर खाली आलं. आत अंधार, उकाडा, आणि बल्ब घ्यायला आलेलं एक बिचारं गिऱ्हाईक आतच अडकलं.

कानवाली डोळे मिटून एकेका पंख्याखाली उभी राहिली. पहिला पंखा. "ह्याच्या पोटात खडा आहे." दुसरा. "हा खाकरतो." तिसऱ्याखाली बराच वेळ थांबली. "हा बरा आहे, पण दमेकरी आहे, बघा, श्वास सोडताना घरघरतो." दुकानदाराला आता मजा यायला लागली होती. घाम पुसत तो एकेक बटण दाबत होता, आणि प्रत्येक पंख्याला काय रोग निघतो ते ऐकायला तोही कान देऊन उभा होता.

शेवटी त्यानं नवा कोरा पांढरा पंखा लावला. रिमोटवर चालणारा, वीज कमी खाणारा, आत इलेक्ट्रॉनिक काहीतरी बसवलेलं. पाती फिरली. वारा आला. कानवालीनं जिवाचे कान केले. काही नाही. खडा नाही, घरघर नाही, खाकरणं नाही. नुसता वारा. तिनं डोळे उघडून खात्री केली की फिरतोय तरी का.

"हा," ती म्हणाली.

"ह्याला शिट्टीसारखं काही येतंय का हो?" अंधारातून बल्बवाल्या गिऱ्हाइकानं विचारलं.

कानवालीनं त्याच्याकडे नुसती नजर टाकली. "तुम्ही तुमचा बल्ब बघा."

दुकानदारही म्हणाला, छे, कसली शिट्टी. तोही त्या रस्त्यावर जन्म काढलेला माणूस.

संध्याकाळी पंखा चढला. ड्रायव्हरनं जुना खाली उतरवला, नवा अडकवला, आणि घरात वारा सुटला. कानवाली कमरेवर हात ठेवून मधोमध उभी. "ऐक," ती लेकीला म्हणाली. "काय ऐकू येतंय? काही येतंय का?"

लेक ऐकत राहिली. तिच्या मांडीवर टिल्ली डोळे मिटायला आली होती ती पुन्हा टक्क जागी झाली. मान इकडे तिकडे करायला लागली. मग कपाळावर आठ्या, मग ओठ काढले, मग भोकाड.

"आई," लेक चाचरत म्हणाली, "हा शिट्टी वाजवतोय."

"कोण?"

"पंखा. बारीक आवाज आहे. सूं करून. थांबतच नाही."

कानवाली स्टुलावर चढली. कान पंख्याजवळ नेला. ड्रायव्हर ओरडला, "अगं, नाक कापून घेशील!" ती उतरली. "काही आवाज नाही. अहो, तुम्ही ऐका." ड्रायव्हरनं मान तिरपी केली, आयुष्यभर इंजिनाशेजारी बसलेला कान पंख्याकडे केला. "वारा येतोय झकास," तो म्हणाला.

इथं कानवालीनं एक काम केलं, जे त्या गल्लीतलं कुणीही केलं असतं. तिनं शेजारणीला बोलावलं. शेजारीण त्याच शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर दोरा गुंडाळायची. ती आली, ऐकलं, म्हणाली, "नाही बाई." खालून मेकॅनिक चालला होता, त्याला वर घेतला. त्यानं हात मागे बांधून पंख्याची पाहणी केली आणि निकाल दिला, "असला शांत पंखा ह्या गल्लीत आला नव्हता." शेजारणीचा दीर आला. तोही मागावरचाच. तोही म्हणाला, कसला आवाज? खोलीत माणसांची गर्दी झाली. सगळ्यांनी टिल्लीचे गाल ओढले आणि सगळ्यांनी एकमतानं पंखा निर्दोष सोडला. आता विचार करा. ज्या गल्लीत घरटी एक माणूस मागावर, त्या गल्लीनं आवाजाचा न्याय करायचा! पण तेव्हा हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मला वेड लागलंय."

"वेड नाही लागलं," सगळे गेल्यावर कानवाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सरळ सांग ना, सासूची गार खोली आठवतेय. जायचं तर जा. त्या पंख्याच्या नावानं कशाला रडतेस?"

हे बोलायला नको होतं. बोलून झाल्यावर तिलाही ते कळलं, पण मान खाली घालणाऱ्यातली ती नव्हती. लेकीनं कपाटाखालून बॅग ओढली आणि टिल्लीची झबली घडी घालून भरायला लागली. एकेक झबलं सावकाश, काठाला काठ लावून. भांडली असती तर कानवालीला बरं वाटलं असतं.

"थांब," कानवाली म्हणाली. "खरं-खोटं आत्ताच्या आत्ता करू."

तिचा डाव सोपा होता. लेकीनं स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दार लोटून घ्यायचं. इकडे ड्रायव्हरच्या हातात रिमोट. कानवाली खुणेनं सांगेल तेव्हा पंखा लावायचा, सांगेल तेव्हा बंद करायचा. लेकीनं न बघता ओळखायचं. खोटं बोलत असेल तर दोन-तीनदा चुकेलच, मग बॅग आपोआप कपाटाखाली जाईल.

"मांड तुझा खेळ," लेक म्हणाली. टिल्लीला आजोबांच्या खांद्यावर देऊन ती आत गेली.

कानवालीनं बोट वर केलं. ड्रायव्हरनं बटण दाबलं.

"चालू," आतून आवाज आला.

बोट खाली. "बंद."

पुन्हा वर. "चालू."

कानवालीनं मग लबाडी केली. बोट हललंच नाही, नुसतीच थांबून राहिली. आतून लेक म्हणाली, "अजून चालूच आहे. झोपलात का बाहेर?"

कानवालीनं बोट खाली केलं.

"बंद," लेक लगेच म्हणाली.

"चुकली!" कानवालीनं टाळीच वाजवली. "सापडलीस! अगं, अजून फिरतोय तो, माझ्या डोळ्यांसमोर फिरतोय!"

पाती खरंच फिरत होती. वाराही लागत होता. पण ड्रायव्हर तिच्याकडे विचित्र नजरेनं बघत होता. त्यानं रिमोट वर करून दाखवला. "मी बंद केलाय," तो हळूच म्हणाला. "आधीच्या जोरानं फिरतोय. थांबायला वेळ लागतो ना त्याला."

दोघं वर बघत राहिले. पाती मंदावत गेली, वेगवेगळी दिसायला लागली, आणि थांबली. डोळ्यांना कळायच्या आधी लेकीला कळलं होतं. दाराआड, भिंतीकडे तोंड करून. तेव्हा कुठं ड्रायव्हरच्या खांद्यावर टिल्लीनं मान टाकली.

लेक दार उघडून बाहेर आली ती भांडायच्या तयारीनं. पण आई जमिनीवर बसली होती, पाय पसरून, शेडमधून आल्यावर बसते तशी.

"कसा आहे गं तो आवाज?" आईनं विचारलं.

विचारण्यात टोमणा नव्हता, हे लेकीला लगेच कळलं. ती शेजारी टेकली. "बारीक. टोकदार. कुणी कानात सुई फिरवतंय असा. रातकिडा असतो ना, त्याच्यासारखा, पण हा दमच खात नाही."

"रातकिडे आता कुठले," कानवाली म्हणाली. "मागचा नाला बुजवला तेव्हाच गेले ते. मी लगेच म्हटलं होतं, अहो, रातकिडे गेले."

लेक तिच्याकडे बघतच राहिली. मग उठली, खिडकीचं दार पूर्ण उघडलं. खाली गटाराच्या कडेला गवताचा झुपका होता, दिव्याच्या उजेडात हिरवा दिसत होता. "आई, आत्ता ओरडतोय. एक नाही, दोन-तीन आहेत. इथं खाली."

कानवाली खिडकीत येऊन उभी राहिली. ड्रायव्हरही आला. तिघं वाकून त्या गवताकडे बघत होते. खूप वेळ. रस्त्यावरून सायकल गेली, तिची साखळी कानवालीला स्पष्ट ऐकू आली. कुणीतरी बादली ठेवली, ते ऐकू आलं. रातकिडा काही ऐकू आला नाही.

"तुम्हाला येतंय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुला येत असेल."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कानवालीचं कामात चित्त नव्हतं. तिला एक गोष्ट डाचत होती. रातकिडा ऐकू येत नाही, मग चिरलेला धोटा कसा ऐकू येतो? दुपारच्या सुट्टीत माग थांबले तेव्हा तिनं सगळ्या बायांना विचारलं, शेवटचा रातकिडा कधी ऐकला? कांडीवाली म्हणाली, लहानपणी. दुसरी म्हणाली, अगं नाला बुजवला ना. तिसरी म्हणाली, रातकिडे तर संपलेच ना जगातून? फक्त गेल्या महिन्यात कामाला लागलेली एक मुलगी म्हणाली, "रोज ऐकते की मावशी. झोपू देत नाहीत."

माग पुन्हा सुरू झाले तेव्हा कानवालीनं दोन्ही कानांत कापसाचे बोळे गच्च कोंबले आणि उभी राहिली. मेकॅनिकला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण ती डोळे मिटून उभी होती, दुकानात उभी होती तशीच. थोड्या वेळानं तिनं बोट केलं, तिसऱ्या मागाकडे. मेकॅनिकनं जाऊन बघितलं. पट्टा सैल झाला होता. ती पायातली चप्पल काढून पुन्हा उभी राहिली. मग एका पायावर. मग हाताचा तळवा मागाच्या लोखंडावर ठेवून. तेव्हा तिला उमगलं. अर्धं अधिक ती पायांनीच ऐकत होती. फरशीतून येणारा हादरा तळव्यात शिरत होता, आणि एवढी वर्षं श्रेय कान खात होते.

तिला हसू आलं, आणि हसता हसता राग आला. तशीच मालकाकडे गेली. "कान झाकायला काहीतरी द्या सगळ्यांना. परदेशातल्या कारखान्यांत देतात, फोटोत पाहिलंय."

मालक म्हणाला, "इतकी वर्षं कुणी तक्रार केली नाही. आणि तू कानवाली! तुझे कान तर कारखान्यात एक नंबर."

"तेच सांगायला आलेय," ती म्हणाली. "माझे कान गेलेत. म्हणजे बाकीच्यांचे काय असतील ते बघा."

मालकानं बघतो म्हटलं. मालक बघतो म्हणाला की काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. कानवालीलाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून तिनं त्याच्या टेबलासमोर रोज उभं राहायला सुरुवात केली, आणि एकटी नाही.

पण रविवार तोंडावर आला होता. बॅग अजून उघडीच पडली होती, अर्धी भरलेली. नवा पंखा बंद, जुना परत चढवलेला, टिल्लीचं घामोळं गळ्यापर्यंत आलेलं.

रविवारी सकाळी कानवाली, लेक आणि टिल्ली दुकानात. ड्रायव्हर मागून पंख्याचं खोकं घेऊन. दुकानदारानं लांबूनच बघितलं आणि कुणी न सांगता शटरला हात घातला.

"ताई, उघडलेला माल परत नाही घेत आम्ही."

"परत कोण म्हणतंय? बदलून द्या. ह्या पंख्याला शिट्टी आहे."

"पण तुम्हीच तर डोळे मिटून—"

"माझे कान बिघडलेत, म्हणून तेव्हा शिट्टी कळली नाही! आता हिचे कान आणलेत. लावा एकेक."

दुकानदार अडून बसला. मग मायलेकींनी आपसात बोलायला सुरुवात केली, बिनआवाजी. मागांच्या शेडमध्ये ओरडून उपयोग नसतो, त्यामुळे तिथल्या बाया नुसते ओठ हलवून आणि बोटं नाचवून बोलतात. लेक त्या बायांच्यातच वाढलेली, तिला ती भाषा पाठ. दोघी दुकानदाराच्या तोंडावर त्याच्याबद्दलच बोलत होत्या, हसत होत्या, आणि त्याला एक अक्षर कळत नव्हतं. माणूस शिवी सोसतो. न ऐकू येणारी शिवी सोसणं फार अवघड. थोड्याच वेळात तो म्हणाला, "बरं बाई, बदलून देतो. पण काय बोलताय ते सांगा आधी!"

कुणी सांगितलं नाही. शटर खाली आलं. ह्या खेपेला कानवालीनं डोळे मिटले नाहीत. ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि टिल्लीच्या कपाळाकडे. पंखा लागला की टिल्लीच्या भुवया जवळ येतात का, तेवढंच. एकाला आल्या. दुसऱ्याला आल्या. तिसऱ्याला लेकीनं नाक मुरडलं. छताचे पंखे संपले. टेबलावरचे संपले.

कोपऱ्यात धूळ खात एक उभा पंखा होता. जुन्या घाटाचा, जड बुडाचा, रुंद पात्यांचा. गिऱ्हाईक त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. दुकानदारानं नाइलाजानं लावला. तो सावकाश फिरायला लागला आणि त्यातून एक जाडसर घूं निघाली, पलंगाखाली मांजर गुरगुरतंय तशी. कानवालीला ती छातीपर्यंत ऐकू आली.

"बंद करा," ती म्हणाली. "हा तर घोंघावतोय. सगळ्यांत वाईट हाच."

"आई, राहू दे," लेक म्हणाली.

"अगं, केवढा आवाज आहे! मला बहिरीलासुद्धा—"

"आई. हिच्याकडे बघ."

टिल्लीच्या भुवया सैल झाल्या होत्या. मूठ उघडली होती. तोंड अर्धवट उघडं ठेवून, दुकानाच्या त्या अंधारात, खोक्यांच्या मधोमध, ती झोपली होती. लेक हलली नाही. दुकानदारानं श्वास धरला. ड्रायव्हर हातातलं खोकं खाली ठेवायचंही विसरला.

कानवाली पंख्याकडे बघत होती. तिचं मन सांगत होतं, हा नको. आयुष्यभर ज्या कानांवर ती ताठ मानेनं जगली ते कान सांगत होते, हा नको. मग ती दुकानदाराकडे वळली आणि नुसते ओठ हलवले, आवाज न काढता. ह्या वेळी त्यालाही कळलं.

हाच द्या.

त्या संध्याकाळी लेकीनं विहीणबाईंना फोन केला. "आई, मी नाही येत आत्ता. इथं झोपते आता टिल्ली." पलीकडून बरंच काही आलं असेल. लेक हं हं करत राहिली, आणि बोलता बोलता पायानं बॅग कपाटाखाली ढकलली. कानवालीनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

उन्हाळा पुष्कळ उरला होता. कानवाली आता दिवसातून दहादा लेकीला विचारायची, आत्ता काय वाजतंय? मला येत नाही असं काय काय आहे? लेक सांगायची. वरच्या टाकीच्या नळाची बारीक धार. शेजारणीच्या बांगड्या. चहा उतू जायच्या आधीचं चर्र. एकदा लेक म्हणाली, "ही रडायच्या आधी एक आवाज काढते, इवलासा, चिमणीच्या पिल्लासारखा. मग क्षणभर थांबते. मग रडते." कानवालीला हे माहीत नव्हतं. तिच्यासाठी टिल्ली कायम एकदमच रडायला लागायची. मग ती टिल्लीच्या तोंडाशी वाकून बसायला लागली, शेडमध्ये ओठ वाचते तशी. आणि एका दुपारी लेक पाणी भरत असताना टिल्लीचा वरचा ओठ नुसता थरथरला, तेवढ्यात आजीनं तिला उचललं. रडणं आलंच नाही.

तुमच्या घरातलं कुणी मागावर असेल, लाकूड कापण्याच्या यंत्रावर असेल, इंजिनाशेजारी असेल, तर आज त्याच्याजवळ बसा. तुम्हाला ऐकू येणारा एकेक बारीक आवाज त्याला सांगा आणि विचारा, हा येतो का? जो येत नाही त्यावरून त्याला हसू नका. आणि उद्या तो कामावर निघेल तेव्हा दारात आडवे उभे राहा. कान झाकायला चांगलं काहीतरी त्याच्या हातात दिल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.